दोन सीट कमी

गोरेगावच्या स्टँडवर चाँद पाशाची जीप उभी होती. दोन सीट कमी होत्या, आणि भरल्याशिवाय त्यानं आजवर कधी किल्ली फिरवली नव्हती. मागं बसलेल्या कॉलेजच्या दोन पोरींची तोंडं मात्र काही थांबत नव्हती.

"पुजा, तू सर हो. इचार."

"बरं. मिना आडे, तुमाला लायब्ररीतच काम काहून पायजे?"

"सर, कमवा-शिका योजनेत बागेचं काम बी हाय. पर ते मी घरी रोजच करते. पुस्तकं घरी न्हाईत."

"भारी. हेच म्हण. आन हात नको चोळू."

"थंड पडलेत गं. अकराला मुलाखत, आन जागा एकच."

"पुस्तकं कशी लावता?"

"नंबर पाहून, सर. शेती सहाशे तीस, मराठी आठशे एक्क्याण्णव. काल समदे पाठ केले."

"बापरे. बरं, काम सकाळी आठला सुरू होतं. वेळेवर याल?"

"रोज येईन, सर."

"गोरेगाववरून? तिथली जीप तं भरल्याशिवाय सुटत न्हाई म्हणतेत."

मिनानं पुढं चाचांच्या सीटकडं पाहिलं.

"सर, जीपवाले चाचा आमच्या वळखीचे हायेत."

"खोटं काहून सांगून राहिली? नाव तरी माहीत हाय का त्यांचं?"

"न्हाई."

चाँद पाशानं किल्ली फिरवली.

"चाचा, दोन सीट बाकी हायेत की," मिना म्हणाली.

"सरांना नाव बराबर सांग, बेटा. चाँद पाशा. रोज साडेसहाला निघतो म्हणावं."