वाळायला ठेवलेली जखम

डॉक्टर : ...आणि ही पडद्यावर दिसते ती आतली कड. थर दिसताहेत ना, एकावर एक?

रंगारी : दिसतात. तीन हात मारलेत.

बायको : अहो, भिंत नाही ती, तुमच्या हृदयाची रक्तवाहिनी आहे. डॉक्टर, मनावर घेऊ नका. जन्मभर लोकांची घरं रंगवली यांनी, ताटातल्या भातातही यांना पुट्टीच दिसते.

डॉक्टर : पण बरोबर बोलले काका. आत चरबी साठलेली असते. तिच्यावरचं पातळ आवरण फाटलं, तिथे रक्त गोठलं आणि झटका आला. मग शरीर ती जागा भरून काढतं. हा मधला थर त्या झटक्याचा. खालचा त्याच्याही आधीचा.

बायको : म्हणजे आधीही आला होता?

डॉक्टर : झटका नाही. नुसतं फाटलं आणि भरून आलं. पुष्कळदा पत्ताही लागत नाही.

रंगारी : आणि वरचा?

डॉक्टर : तेच विचारायचंय. मागच्या तपासणीत तो नव्हता.

बायको : चांगलंच की. भरून येतंय.

डॉक्टर : भरून आलं म्हणजे त्याआधी पुन्हा फाटलं होतं, काकू. आणि दर थरागणिक वाट अरुंद होते. काका, मधे छातीत दुखलं? धाप लागली?

रंगारी : काही नाही.

बायको : यांना काय विचारता? झटक्यानंतर इथून घरी आल्यापासून यांना कशाचंच काही नाही. मुलीला मुलगी झाली, नात यांच्या मांडीवर दिली, तर रंगाचा डबा धरावा तशी धरली. छान आहे म्हणाले आणि परत भिंतीकडे तोंड.

रंगारी : छानच होती.

डॉक्टर : गोळ्या चालू आहेत ना?

बायको : मी स्वतः हातावर ठेवते.

डॉक्टर : सगळ्या घेता, काका?

रंगारी : रक्त पातळ करायची सोडून.

बायको : काय?

रंगारी : ती खिशात टाकतो.

डॉक्टर : का?

रंगारी : दाढी करताना कापलं होतं. रक्त थांबेना. म्हटलं, बाहेर ही गत, मग आतली जखम वाळणार कशी? ओल्यावर दुसरा हात मारला की पापुद्रे सुटतात. आधी वाळू द्यावं लागतं. गिऱ्हाईक घाई करतं, आपण करायची नसते.

डॉक्टर : ही जखम वाळत नाही, काका. तिच्यावरून रक्त सारखं वाहतं. ती ओल्यातच भरते. भरेपर्यंत तिथे रक्ताची गाठ धरू नये, म्हणून ती गोळी. या खेपेला गाठ लहान होती, निभावलं. पुढच्या खेपेला वाट बंदच झाली, तर हे चित्र बघायला तुम्ही नसाल.

रंगारी : बरं.

बायको : बरं म्हणे.

(बाहेर, औषधांच्या खिडकीसमोरचा बाक.)

बायको : खिसा रिकामा करा.

रंगारी : घे.

बायको : एवढ्या? मी रोज हातावर ठेवतेय, वर पाण्याचा पेला देतेय, आणि तुम्ही माझ्या डोळ्यांत धूळ फेकताय.

रंगारी : तुला फसवायचं नव्हतं. बरं व्हायचं होतं.

बायको : कशाला? तुम्हाला तर कशाचंच काही वाटत नाही.

रंगारी : म्हणूनच. म्हटलं, आतलं वाळलं की वाटायला लागेल. नातीला धरलं ना, ते हात माझे नव्हतेच.

बायको : मला सांगायचं नाही?

रंगारी : सांगावंसंही वाटत नव्हतं.

बायको : ह्या जुन्या राहू द्या, धुळीने भरल्यात. ही नवी घ्या. माझ्यासमोर. तोंड उघडा. जीभ वर करा.

रंगारी : गेली.

बायको : हसताय काय?

रंगारी : मी नाही हसलो.

बायको : नाहीच हसलात, मला उगाच वाटलं. मला भीती वाटते हो. तुम्ही झोपलात की तुमच्या नाकापाशी हात धरून बघते, श्वास चालू आहे का.

रंगारी : माहीत आहे.

बायको : जागे असता तेव्हा?

रंगारी : असतो. हाताला भांड्यांच्या साबणाचा वास येतो.

बायको : मग बोलत का नाही, मेलं? माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

रंगारी : बोललो तर हात काढून घेशील.