तिसऱ्यांदाही मेल्या!

लिफ्टच्या रांगेत शाळेचं दप्तर सावरणाऱ्या मुलीचे कान पुढच्या दोन पांढऱ्या कोटवाल्या तरुणींकडे लागले होते.

“ताई, तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी मेल्या! तिसऱ्यांदा!”

“हळू गं! केमोचा डोस?”

“निम्मा! सोबत आपलं दुसरं औषध. नुसत्या केमोला दाद देत नव्हत्या मेल्या!”

“मागच्या वेळेसारखं प्लेटमध्ये पेशी घालायलाच विसरली नाहीस ना?”

“छे! त्याच प्लेटमध्ये नुसत्या केमोतल्या मजेत जगताहेत.”

“अगं बाई! म्हणजे लॅबचे सर आता आपलं हे संशोधन बंद नाही करणार!”

“जाऊन सांगू त्यांना?”

“थांब. चौथ्यांदा करू. औषधं मी घालते, मोजायचं तू. कुठे काय घातलं ते मात्र तुला सांगणार नाही.”

“का? माझ्यावर विश्वास नाही?”

“वेडे, तुला आनंद किती झालाय बघ ना! मोजताना तुला सगळ्या मेलेल्याच दिसतील.”