चटई उचलली गं!

हॅलो?… हॅलो, ताई? मी न्सोना… थांब, वारुळावर चढते, इथंच काय ती रेंज येते… हां. आधी सांग, मामांना पाठवलंस का? नको पाठवूस! मला नाही यायचं माहेरी…

रडत नाहीये गं, हसतेय! माझा मुकोको जागा आहे. भर दुपारी! छप्पर शाकारतोय, वर शीळही घालतोय…

प्यायलेला नाही! तेव्हाही नव्हता. दिवसा कसाव्याच्या फुफूच्या ताटात डोकं टेकून घोरायचा, रात्रभर अंगणात येरझारा, माझ्यावर खेकसणं… हो, तू किन्शासात बसून म्हणालीस, दुसरी बाई आहे. बाई कुठली, माशी होती!… माशी, माशी! नदीकाठची, चावरी.

अगं ऐक ना. तपासणीवाले आले मोटरसायकलवर. नर्सबाईंनी मानेमागच्या गाठी चाचपल्या, सुईनं थेंबभर पाणी काढलं, मायक्रोस्कोपखाली ठेवलं. मीही डोळा लावला… शप्पथ! जंतू वळवळत होते. म्हणाल्या, निद्रारोग…

करणी नाही, ताई! गोळ्यांनी जाते का करणी?… हो, नुसत्या गोळ्या. पण पोटभर जेवूनच घ्यायच्या. आणि आमच्या सासूबाई! जुन्या इंजेक्शनांच्या वेळचे नियम काढून बसल्या. गरम खायचं नाही, उन्हात जायचं नाही, सहा महिने बायकोजवळ… हो, तेच! दारातच चटई टाकून आडव्या झोपल्या.

हसू नकोस, मी घाबरले होते. गारढोण फुफू दोन घास खाऊन हा उठायचा. वर गोळ्या, की ओकला! औषध पोटात राहीना. नर्सबाईंनी विचारलं, काय खाल्लं? मी सांगितलं. अशा तडकल्या! "आई, गरम वाढा, पोटभर वाढा. पोरगं बरं व्हायला हवंय ना?" मग चटईकडे बघून म्हणाल्या, "आणि हीसुद्धा उचला." अख्खं अंगण हसलं!

काल शेवटच्या गोळ्या झाल्या. पुढं अधूनमधून तपासणी, बस्स… म्हणून म्हणते, मामांना… काय? निघाले? लग्नात यांनी दिलेली देजाची शेळी घेऊन? अगं, ती परत दिली की लग्नच मोडलं!

थांब… वाटेवर सायकल दिसतेय… मागं शेळी! मुकोको टुणकन उतरला, पळतोय… मिठी मारली! मामांना नाही गं, शेळीला! ओरडतोय, 'ही मी परत घेणार नाही!'… मामा बघतच राहिलेत.

आता सासूबाई आल्या… चटई आणलीय. तीच गं, दारातली! मामांना बसायला अंगणात पसरली…

बसले, ताई. बसले मामा! ठेवते हं… फुफू गरम आहे तोवर वाढते सगळ्यांना.