वीतभर वर

— नाही, तिथं नका खणू, तिथली माती मागच्यानं नेली. तुमच्याच खात्याचा होता, असेच पांढरे बूट घालून आलेला. शेतात पांढरे बूट, आणि म्हणे आम्ही मातीचे तज्ज्ञ. खणा, खणा. चार चमचे माती पिशवीत भरायची, वर चिठ्ठी चिकटवायची, की झालं तुमचं संशोधन. तीस वर्षं या मातीत हात घालतेय, मला नाही कधी चिठ्ठी लागली. शिसं आहे, माहितेय की. ती पत्र्याची शेड दिसते ना, तिथं जुन्या बॅटऱ्या वितळवायचे. मालक गेला, धूर गेला, शिसं तेवढं आमच्या वाट्याला ठेवून गेला.

तो मागचा काय सांगून गेला, ऐकायचंय? म्हणे, गुरांच्या चाऱ्याला लसूणघास लावा, पण कापताना वीतभर वर कापा — बुडाशी माती चिकटते, विष तिच्यात जास्त. ज्यानं जन्मात विळा धरला नाही, तो मला कापायला शिकवणार. घास बुडातून घ्यायचा असतो, साहेब. वीतभर खुंट उभे ठेवले तर येणारा-जाणारा हसेल, बाईला कापता येत नाही म्हणेल. नवरा गेल्यापासून तेवढंच बघायला टपलेत सगळे.

मग काय — कापला मी माझ्या पद्धतीनं. कोवळा, हिरवागार, बघून डोळे निवावेत असा. पलीकडचा गोठा माझ्या दिराचा. भोळा सांब. गोठ्यात शिरण्याआधी गाईंना हाक मारतो, जसं काही त्या या म्हणणार आहेत. रोज भारा न्यायला यायचा आणि रोज विचारायचा, ‘वहिनी, वीतभर वर कापलात ना?’ आणि मी — काय बघताय असे? हो म्हणायची. दुसरं काय म्हणणार?

कालवड आधी दात खायला लागली. मग भिंतीला डोकं टेकवून उभी राहायची, तासन्‌तास. मग दिसेनासं झालं, जागच्या जागी गोल फिरायची. चार दिवस त्यानं ओंजळीनं पाणी पाजलं तिला. गेली. डॉक्टर म्हणाला, शिसं पोटात गेलंय, कुठून ते शोधा. या शहाण्यानं काय शोधलं? पाण्याचा हौद. म्हणे, त्याचा रंग जुना आहे, त्यातलंच असणार. घण घेऊन हौद फोडला. घासाचं नाव नाही काढलं. ‘वहिनी वरूनच कापतात,’ असं डॉक्टरला सांगत होता, मी तिथंच उभी. इतका विश्वास ठेवतो का कुणी? चीड येते मला त्याची. जरा तरी संशय घ्यावा माणसानं. पुन्हा एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं मी. नाही विचारलं. आता नवा हौद बांधतोय, एकटाच, विटा वाहून खांदा सोललाय. आणि कालपासून दुसरी गाय दात खातेय.

हो, आजही नेला त्यानं भारा. आज वरून कापला होता. आज.

तुम्ही काय लिहून घेताय? मातीचं लिहा, माझं कशाला — खोडा ते. खोडा म्हणते ना. तो बघा, इकडंच येतोय. अवाक्षर काढू नका.

काही नाही हो भावजी, पाण्याचंच विचारत होते. निघालेत ते. निघा, साहेब.