मांडीवरचं पाणी

पोलंडमधल्या लुब्लिन शहराच्या ट्रॉलीबसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोन शेजारणी बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर काचेची बरणी.

"काकडीचं लोणचं का गं, ल्युदविका?"

"पाणी आहे. माशांच्या दुकानात तपासायला नेतेय."

"सहावा आठवडा ना? अजून टाकीत मासा नाहीच?"

"नव्याने भरलेल्या टाकीतलं पाणी आधी मुरावं लागतं, यादविगा."

"सोड गं दोन-चार! कोण बघतंय?"

"नवरा बघतो ना, फेलिक्स. मागे मी टाकी साबणाने लख्ख घासली आणि त्याच दिवशी मासे सोडले. सकाळी सगळे उताणे. अर्धांगवायू झाल्यापासून त्याला बघायला तेवढंच होतं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं."

"आणि आता?"

"आता नुसतं पाणी बघत पडतो. परवा पाणवनस्पतीतून एक गोगलगाय निघाली, तर मला हाक मारली त्याने."

"हाक? फेलिक्सने?"

"नावाने. फेब्रुवारीत मासे मेले तेव्हापासून पहिल्यांदा."

"अगं मग आजच घे की मासे!"

"छे! पाणी चांगलं निघेल तेव्हाच."

"आणि आजही नाही निघालं तर?"

"तर पुढच्या मंगळवारी परत येईन. दुसरी बरणी धुऊन ठेवलीय. साबण न लावता."