किल्ली माझ्याकडंच असते

नाही हो मॅडम, कितीही वाजवा, आत कोणी नाही — सिद्धी गेली नागपूरला, परवाच वडील येऊन घेऊन गेले. या, इकडं या, माझ्याकडं बसा स्वल्प, आमच्या जिन्यानं दम लागतोच. ओळखलं कसं म्हणता? अहो, सिद्धीच्या मोबाइलवर बघितलंय ना तुम्हाला — एचएसआर लेआउटचं ते मांजरांचं पार्लर, मूळच्या पुण्याच्या केतकी मॅडम, आणि काखेत ते पांढरं, चपट्या नाकाचं — सुलतान. होय ना? रडू नका हो. मी कृष्णाबाई, सगळे अक्काच म्हणतात. आमचं मूळ निपाणीकडचं, पण लग्न होऊन मल्लेश्वरमला आले ती इथलीच झाले. कॉफी टाकते. नको? — सरी, नको तर नको, पण बसा. मला तुमच्याशी बोलायचंच होतं, नंबर असता तर मीच फोन केला असता. त्या पोरीवर तुम्ही अन्याय केलाय. होय, तोंडावर सांगते. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावलंस, म्हणालात ना तिला? आणि क्लासातनं काढून टाकलंत? सिद्धी असं करणार नाही. गळ्यावर सुरी ठेवली तरी करणार नाही.

तुम्ही तिला क्लासात बघितलंत, मी घरात बघितलंय. कंपनीनं काढलं तेव्हा पोरगी अंथरुणातनं उठेना — जेवली का नाही, कोण बघणार? मीच ताट घेऊन जायचे. मग तुमचा क्लास लागला आणि चेहऱ्यावर रंग आला तिच्या. वडील फोनवर ओरडायचे, इंजिनियर केलं ते मांजरं धुवायला काय, सगळं ऐकू यायचं — म्हणजे मी काही कान लावून बसत नाही, भिंतच पातळ आहे. सुरुवातीला तुम्ही त्यांना खेळण्यातलं मांजर विंचरायला दिलंत ना? ती घरी माझी लोकरीची शाल घेऊन तेच करत बसायची — पोटाकडं हात हलका, अक्का, मांजराची कातडी कागदासारखी असते. केसांचा गुंता झाला तर कात्री लावायची नाही म्हणे, कातडी सापडते; बोटांनी सोडवायचा, नाही सुटला तर मशीन. नखं कापायची शिकायला माझाच हात धरायची — असा पंजा दाबायचा, नख बाहेर येतं, आतला गुलाबी भाग दिसला की त्याच्या अलीकडंच थांबायचं. मी म्हणायचे, मेले, माझा हात आहे तो, पंजा नाही! खदखदून हसायची. स्वतःचे हात मात्र कोपरापर्यंत ओरबाडलेले, वर हळद लावू देईल तर शपथ. आणि साबण, पावडर, कशालाच वास नको तिला — मांजर सारखं अंग चाटतं अक्का, त्याच्या अंगाला जे लावाल ते त्याच्या पोटात जातं. कितीदा सांगितलं असेल मला हे. कितीदा. — काय म्हणत होते मी?

हां, परीक्षा. शेवटची परीक्षा म्हणून तुम्ही तुमचंच मांजर तिच्याकडं राहायला दिलंत, ओळख व्हावी, हाताला बुजू नये म्हणून. विश्वास होता म्हणूनच दिलंत ना? पास झाली असती तर तुमच्याकडंच नोकरी होती. वडिलांनी तेवढीच सवड दिली होती — नोकरी लागली तर राहा, नाहीतर घरी ये, स्थळ बघून ठेवलंय. पोरगी देव पाण्यात घालून बसली होती हो! त्या दुपारी ती बारीक दातांची फणी आणायला गेली. आता तुम्ही विचाराल, मागं घरात कोण होतं? कोणी नाही. किल्ली माझ्याकडंच असते, पण ती पाण्यासाठी — कावेरीचं पाणी एक दिवसाआड येतं, कधी येईल नेम नाही, म्हणून तिचा ड्रम मीच भरते. गेले, नळ सोडला, आणि ड्रम भरेपर्यंत माणसानं करायचं काय? कुत्र्याचं औषध सोडा, साधी खोकल्याची बाटली नाही त्या घरात. सगळे खण उघडून बघितलेत मी — झुरळं होतात ना, म्हणून. मग औषध आलं कुठनं? तुम्हीच सांगा.

सुलतान तेवढा होता, आणि तो बिचारा सारखी मान खाजवत होता. खाजवतोय, खाजवतोय, थांबायलाच तयार नाही. जवळ घेऊन केस बाजूला केले तर पिसू, ही एवढी! म्हटलं झालं, दुसऱ्या दिवशी परीक्षा, मॅडमना पिसू दिसली की पोरीचे मार्क कापणार. आणि तो मांडीवर येऊन बसला हो माझ्या. हे गेल्यापासून माझ्या मांडीवर कोण बसलंय? मुलगा दुबईत, नातू मोबाइलमध्ये. हाताला डोकं घासत होता, घुर्र घुर्र करत होता, तळव्याला कळत होतं ते घुर्र. आमच्याकडं पोरांच्या डोक्यात उवा झाल्या की खोबरेल कोमट करायचं, त्यात कापूर विरघळवायचा आणि मुळापासून चोळायचं — माझ्या मुलाला लावलंय, शेजारच्यांच्या पोरांना लावलंय, कोण मेलंय त्यानं? उलट छान झोप लागते. तोही झोपला की. मान सैल सोडून, माझ्या हातावर. म्हणून सांगते, औषधबिवषध काही नव्हतं ते, घरचं साधं —

काय? कोणतं तेल? मी रीत सांगितली आमच्याकडची. सुलतानला लावलं असं कुठं म्हटलं? — वास कसला घेताय? देवघरात कापूर लावलाय सकाळी, त्याचा आहे. आणि ती बाटली ठेवा खाली, गुडघ्यांना लावते मी. माझ्याकडं असं बघू नका. मी त्याला गादीवर नीट ठेवून आले होते, श्वास चालू होता, तोंडातनं स्वल्प लाळ येत होती, म्हटलं उकाडा आहे. सिद्धी आली तर अंग ताठ, पाय झाडत होता. तशीच ऑटोत घालून डॉक्टरकडं पळाली. परत आली ती रिकामी पेटी घेऊन. जिन्यावर बसली. मी शेजारी बसले, पाठीवरनं हात फिरवला, तर तिनं माझा हात धरला — नखं कापायला धरायची ना, तस्साच — आणि नाकाशी नेला. बराच वेळ. मग म्हणाली, अक्का, तुम्ही पाणी भरून लगेच बाहेर आला होतात ना? मी म्हटलं, होय गं बाई. सरी अक्का, म्हणाली. एवढंच. आणि माझ्यासमोर तुम्हाला फोन लावला, माझ्याकडनं चूक झाली मॅडम, म्हणाली. कसली चूक ते सांगितलंच नाही. कुत्र्याचं औषध तुम्ही ठरवलंत. मी नाही ठरवलं.

कुणाला फोन लावताय? सिद्धीला? अहो, कशाला? काय सांगणार? तिला नवीन काय सांगणार आहात तुम्ही? — ठेवा तो. ठेवा म्हणते ना! जाताना पाया पडली माझ्या, माहितीय? किल्ली नेली नाही तिनं, मीच म्हटलं असू दे माझ्याकडं, म्हणून...

ऐकलंत? नळ वाजला. पाणी आलं. उठा तुम्ही, मला तिचा ड्रम भरायचाय. रिकाम्या घराचा तर रिकाम्या घराचा, सवय आहे मला. चप्पल घाला. आणि जाताना खालचं गेट लावून घ्या, मांजरं शिरतात.