साडूंनी सुचवलेली खुर्ची

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गृहनिर्माण विभागाचे मुख्य अभियंता साहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती, सत्कारमूर्तींच्या सौभाग्यवती म्हणजे माझी मेहुणी, समोर बसलेले सहकारी, मुकादम, गवंडी, क्रेन चालवणारी मंडळी, पत्र्याच्या खोल्यांमधून आज मुद्दाम आलेली कुटुंबं, आणि दुसऱ्या रांगेत बसून ‘आटोपतं घ्या’ अशी खूण आत्तापासूनच करणारी माझी पत्नी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सत्कारमूर्ती बढती मिळून मुख्यालयात चालले आहेत. घरं भराभर कशी बांधायची, हे आता ते सगळ्या जिल्ह्यांना शिकवणार आहेत. त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायला मला उभं केलं, कारण मी त्यांचा वरिष्ठ सहकारी आहे आणि थोरला साडूही आहे. संयोजकांना वाटलं असेल, घरचा माणूस आहे, गोड बोलेल. संयोजकांना साडू नसावेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. त्यांची खुर्ची आजपासून रिकामी होते आहे. गरिबांसाठी बांधायच्या आपल्या वसाहतीचा सपाटीवरचा अर्धा भाग त्यांनी पुरा केला, उताराचा अर्धा भाग बाकी आहे आणि तिथली कुटुंबं अजून पत्र्याखाली राहताहेत. ती खुर्ची मी घेणार की नाही, याचं उत्तर साहेबांनी मला कार्यक्रम संपेपर्यंत मागितलं आहे. मी अजून दिलेलं नाही. त्यामुळे माझं लक्ष जरा इकडेतिकडे झालं तर समजून घ्या.

तर, सत्कारमूर्ती. ते या विभागात आले तेव्हा त्यांना कुठली फाईल कुठल्या टेबलावर जाते हेही माहीत नव्हतं. मी सांगितलं. ओळंबा कसा धरायचा ते मी दाखवलं. लग्नासाठी मुलगी पाहायला आमच्या सासऱ्यांकडे मीच त्यांना घेऊन गेलो. आता बोला!

त्याच सुमारास शासनाने ठरवलं की गरिबांच्या घरांचा वेग वाढवायचा. वेग वाढवण्यासाठी अर्थातच एक समिती नेमली गेली. त्या समितीला बसायला खोली मिळेपर्यंत वर्ष गेलं. (साहेब हसताहेत, म्हणजे हे बोललेलं चालतं.) पण पुढे खरोखरच बरं काही झालं. सगळ्या परवानग्या एका छताखाली आल्या. जमीन मोकळी झाली. आणि भिंती विटेवर वीट रचून बांधण्याऐवजी आवारातच साच्यात ओतायच्या आणि क्रेनने उचलून उभ्या करायच्या, असं ठरलं.

मी विटेचा माणूस. वीट भिजली पाहिजे, प्लास्टर पाणी पिऊन घट्ट झालं पाहिजे, घाई केली की भिंत पुढे सूड उगवते, हे मी आयुष्यभर सांगत आलो. माझ्या इमारती उशिरा झाल्या, मान्य. पण त्यातली एक तरी गळते का? विचारा कुणालाही. आणि तरीही या वसाहतीचं काम मला मिळालं नाही. धाकट्या साडूंना मिळालं. मला वाईट वाटलं का? नाही. वाईट वाटणं फार सौम्य झालं. माझा जळफळाट झाला.

आणि हे गृहस्थ मला दादा म्हणतात. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

घरी काय चाललं होतं तेही ऐका. सासरे त्यांना विचारायचे, “काय जावईबापू, कितवा मजला?” मग माझ्याकडे वळून विचारायचे, “तुमची तब्येत बरी आहे ना?” वसाहतीची बातमी वर्तमानपत्रात फोटोसकट आली, तेव्हा सासऱ्यांनी तो फोटो चौकट करून भिंतीवर लावला. त्या फोटोत मीही आहे. माझं कोपर आहे.

आता मैदानाची गोष्ट. साच्यात भिंत ओतली की ओतली. नंतर दार इकडचं तिकडे होत नाही, खिडकी सरकत नाही. दुसरीकडे अशा कामांत आधी भिंती ओतल्या गेल्या, मग लोक राहायला आले, मग तक्रारी, मग तोडफोड, आणि सगळा वेग तिथेच अडकून बसला. सत्कारमूर्तींनी काय करावं? वसाहतीशेजारच्या मैदानावर फरशी घातली आणि तिच्यावर खडूने अख्खं घर आखलं, खऱ्या मापाचं. दार, मोरी, ओटा, सगळं. आणि पत्र्याच्या खोल्यांमधल्या कुटुंबांना सांगितलं, या, राहून बघा.

आम्ही कार्यालयात हसलो. मी जरा जास्तच हसलो. मग काय तमाशा चाललाय ते बघायला एका दुपारी मैदानावर गेलो. साडू लांब कुणाशी तरी बोलत उभे होते, म्हणून मी सरळ त्यांच्या दिशेने चालू लागलो. तोच एक आजी कडाडल्या, “अहो साहेब, डोळे आहेत का? भिंतीतून काय येताय? दार तिकडं आहे!”

मी खाली पाहिलं. माझा बूट खडूच्या रेघेवर होता.

मंडळी, मी मागे गेलो. वळसा घालून दारातून आत आलो. इतकंच नाही, तर हवेत हात उचलून दार वाजवल्यासारखंही केलं. तेव्हा आजी म्हणाल्या, “हां, आता बसा.” मी बसलो. त्यांच्या बसायच्या खोलीत, भर उन्हात.

त्या दुपारी मला जे झालं ते मी आजवर पत्नीलासुद्धा सांगितलेलं नाही. मी इतकी घरं बांधली, पण भिंत उभी राहण्याआधी त्या भिंतीसाठी माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं. लोक माझ्याकडे यायचे ते किल्ली घ्यायला. हात जोडायचे, आभार मानायचे आणि जायचे. यांच्याकडे मात्र माणसं रेघांमध्ये आधीच राहायला आलेली. मला त्यांची बढती बोचली नाही एवढी ती आजी बोचली. ती आजी मला हवी होती.

पुढे त्या आजी फरशीवर चक्क आडव्या झाल्या आणि साडूंना म्हणाल्या, “मी इथं झोपणार. सून पहाटे कामाला निघाली की हे दार माझ्या कपाळाला लागणार. काय करता बोला.” हे तिथेच गुडघ्यांवर बसले. तळहाताने रेघ पुसली, दाराची बिजागरी दुसऱ्या बाजूला आखली आणि म्हणाले, “आता उघडून बघा.” सुनेने ते नसलेलं दार उघडलं आणि ती कामाला निघून गेली. सगळे हसले. मी नाही हसलो. कारण माझ्या इमारतीत ही तक्रार किल्ली दिल्यावर आली असती, मी ‘बघतो’ म्हटलं असतं आणि म्हातारीने डोकं दुसरीकडे केलं असतं. इथे साचा बनण्याआधीच दार फिरलं. म्हणून एकदा ओतकाम सुरू झालं ते थांबलंच नाही. वेग वेग म्हणतात तो इथून आला. खडू काय माझ्या टेबलावर नव्हता?

(पत्नी पुन्हा खूण करते आहे. तिच्याबद्दलही सांगायला हवं.) मला न सांगता ती आपल्या बहिणीबरोबर ते मैदान बघून आली आणि जेवताना म्हणाली, “अहो, आपलं घर बांधताना आधी असं आखलं असतं, तर आपल्या स्वयंपाकघराचं दार फ्रीजवर आपटलं नसतं, नाही?” आमचं घर मी बांधलेलं आहे.

आणि आज सकाळी साहेबांनी मला बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, “ती खुर्ची तुम्हाला द्यायची ठरवली आहे.” मी किती आनंदलो म्हणून सांगू? एवढी वर्षं वाट पाहिल्याचं सार्थक झालं. तेवढ्यात साहेब सहज म्हणाले, “तुमच्या साडूंनीच नाव सुचवलं. दुसरं कुणी नको म्हणाले.” चहा अर्धा राहिला.

तुम्हीच सांगा, काय करायचं अशा खुर्चीचं? भांडून मिळाली असती तर मिरवली असती. कुणाच्या नाकावर टिच्चून मिळाली असती तर त्याहून छान. पण ज्याच्यावर जळायचं त्यानेच ती पुढे सरकवावी? मघाशी सभागृहाच्या दाराशी मी त्यांना गाठून विचारलं, “हे उपकार कशासाठी?” ते म्हणाले, “दादा, माझा वेग सगळ्यांनी पाहिला. दोन भिंतींमधले सांधे कुणी पाहिले नाहीत. उतारावर पाणी तिथूनच शिरणार. तिथे हळू जाणारा माणूस पाहिजे, आणि तसे तुम्हीच आहात.” म्हणजे कारणही बरोबर! माणसाने इतकं चांगलं असू नये. निदान साडूने तरी.

मी इथे उभा राहेपर्यंत ‘नाही’ म्हणायचं ठरवलं होतं. पण आत्ता समोर पत्र्याच्या खोल्यांमधली मंडळी दिसताहेत. मी नाही म्हटलं, तर कुणीतरी दुसरा येईल, साडूंच्याच साच्यातून साडूंच्याच भिंती काढेल, आणि उतारावरच्या इमारतींनाही लोक साडूंच्याच इमारती म्हणतील. ते मला सहन होणार नाही. तेव्हा साहेब, उत्तर इथेच देतो. खुर्ची मी घेतो. माझं मन मोठं झालं म्हणून घेत नाही, कुणी तसं समजू नये. उद्यापासून मी मैदानावर असेन. मंडळी, तुम्ही या आणि माझ्यावर ओरडा. मी सांधेही बघीन आणि साडूंपेक्षा लवकरही बांधीन.

एकच अट आहे. उतारावरच्या शेवटच्या इमारतीत माणसं राहायला जातील, त्या दिवशी सत्कार माझा असेल आणि चार शब्द बोलायला साडूंनी उभं राहायचं. हसत बोलावं, सगळं खरं बोलावं, आणि बोलताना त्यांना आत कुठेतरी, फार नाही, आज मला वाटतंय तेवढंच वाटावं.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल संयोजकांचा, अध्यक्ष साहेबांचा आणि एवढा वेळ ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचा मी आभारी आहे. बोलण्याच्या ओघात काही अधिकउणं बोललं गेलं असेल तर ते पोटात घाला. घरी गेल्यावर मला जे ऐकावं लागणार आहे, ते मी पोटात घालीन. नमस्कार.